डावीकडचं मागचं चाक

फोन भाऊजींच्या नंबरावरून आला होता, पण आवाज त्यांचा नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात मी एका अशिलाशी बोलत उभा होतो, दुपारची वेळ, भोवती गलका... पलीकडचा माणूस ओरडून विचारत होता, "हे जुन्या पांढऱ्या गाडीवाले काका तुमचे कोण होते जी?" त्या 'होते'वर मी त्याला फोनवरच झापलं. होते काय, आहेत म्हण! मग त्याने कुठे यायचं ते सांगितलं. बेसा ते मनीषनगर रस्त्यावर गाडी दुभाजकाला घासून थांबली होती आणि वसंत भाऊजी स्टिअरिंगवर मान टाकून बसले होते. मी धंतोलीच्या हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की आणण्याआधीच सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, फक्त चष्मा वाकडा झालेला. मी तो काढून खिशात ठेवला. आज काही आठवडे उलटून गेलेत आणि लोक मला विचारतात, की वकीलसाहेब, सावरले का? सावरणं सोडा. मी अजून चिडलेलो आहे, आणि हा लेख चिडूनच लिहितो आहे.

वसंत भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, शालूताईचे यजमान. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. आमच्या घरी मुलगी बघायला आले तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी मुलीपेक्षा आमची सायकल जास्त वेळ पाहिली. बाबांची जुनी सायकल भिंतीला टेकवलेली होती. पोहे यायच्या आत हा गृहस्थ उठला, मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि बाबांना म्हणाला, "काका, हे कोरडं पडलं हाये. ग्रीस नाई भरलं तं बेअरिंगची कटोरीच खाऊन टाकन." आईने आतून मला डोळ्यांनी विचारलं, हा कोण आणला रे? पण बाबांना मुलगा तिथेच पसंत पडला. लग्न ठरलं, आणि लग्नाआधीच सायकल दुरुस्त होऊन आली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला हा जावई अजिबात आवडला नव्हता. साळ्याने भाऊजींची थट्टा करायची असते, त्याप्रमाणे मी त्यांना 'कटोरीवाले' म्हणायचो. ते हसायचे. कशावरही चिडायचे नाहीत, हा त्यांचा मला सगळ्यात जास्त चीड आणणारा गुण होता.

त्यांना एक खोड होती. घरात जो नट ते घट्ट करत, त्याच्यावर रंगाची एक बारीक रेघ ओढत, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या भागावर. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनच कळतं. कूलर, पंखा, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, सगळ्यांवर रेघा. ताई म्हणायची, "माह्या घरात कुंकवापेक्षा रंगच जास्त हाये." बेसात प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा तिथे रस्ता धड नव्हता. आता तिथे सगळीकडे इमारती उठल्यात, पण ताईच्या अंगणात गाडीपुरती आणि गाडीखाली झोपणाऱ्या माणसापुरती जागा भाऊजींनी राखून ठेवली होती. भाच्याच्या, अनिकेतच्या, जन्माआधी घेतलेली ती गाडी. तिच्यातून अनिकेत दवाखान्यातून घरी आला, तिच्यातून माझी आई शेवटची दवाखान्यात गेली, तिच्यातून अख्खं खानदान दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एकमेकांच्या मांडीवर बसून गेलं. अनिकेत पुण्याला नोकरीला लागल्यावर नवी गाडी घेऊन देतो म्हणाला. भाऊजी म्हणाले, "तू तुह्यासाठी घे बाप्पा. हिच्यात काय खराबी हाये?"

खराबी होती. मागच्या चाकांत होती. गाडीने वेग घेतला की मागून 'हूंऽऽ' असा आवाज यायचा, आणि गाडी थोडी उजवीकडे वळवली की वाढायचा. मी सांगतो, मला तो कधीही ऐकू आला नाही. भाऊजी मात्र वर्धा रोडवर काचा खाली करून, ताईला गप्प बसवून, मान तिरपी करून ऐकत बसायचे. "डावीकडचं हाये. येऊन राहिला का नाई आवाज?" मी म्हणायचो, "भाऊजी, तुमच्या डोक्यात येऊन राहिला." त्या मॉडेलची मागची चाकं ज्या हबवर फिरतात, त्यात दोन लहान बेअरिंग असतात. आमच्याकडचे खोदून ठेवलेले रस्ते आणि सिमेंटच्या कडा त्यांना झेपायच्या नाहीत. दर थोड्या दिवसांनी बदलावी लागत. मग भाऊजींनी शोधून काढलं, की त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलला मोठा हब येतो, एकच जाड बेअरिंग, कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेलं. तो आपल्या गाडीला बसवायचा. मात्र हब ज्या दांडीवर बसतो ती दांडीही बदलावी लागणार होती, आणि तिची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे एक लोखंडी पट्टी घालायची.

निवृत्त ड्राफ्ट्समनला यापेक्षा मोठं सुख कोणतं? डायनिंग टेबलावर मोठा कागद पसरला. जेवण खाली सतरंजीवर. भाऊजींनी दांडीचं, भोकांचं, मधल्या पट्टीचं असं रेखीव चित्र काढलं, की मी ते फ्रेम करायला मागितलं होतं. ते चित्र घेऊन लेथवाल्याकडे पट्टी करायला टाकली. दांड्या कबाडीकडून उचलल्या, हब नवे आणले. मी एका रविवारी गेलो तर नवरा-बायको अंगणात, गाडी स्टँडवर उचललेली, ताईने साडीवर भाऊजींचा जुना शर्ट चढवलेला. मी विचारलं, "काय वं ताई, गॅरेज टाकलं का?" तर भाऊजी गाडीखालूनच म्हणाले, "साळेबुवा, तुम्ही फक्त चहा प्या. तुमच्याच्यानं दुसरं काही होत नाई." मी चहा प्यायलो. त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्याच गाडीतून फिरून आलो, पार बुटीबोरीच्या पुढपर्यंत. त्या दिवशी भाऊजींनी ताईला गप्प बसवलं नाही. स्वतःच एकसारखे बोलत होते. परत येताना म्हणाले, "पाहा, आवाजच नाई." मला फरक कळला नाही, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. अनिकेत पहिल्यांदा चालला तेव्हा तसा झाला होता.

आणि मग तो दुभाजक. मला जी गोष्ट लिहायची आहे ती इथून सुरू होते. गाडी रस्त्याच्या कडेला असताना कोणा मेहेरबानाने तिचा फोटो काढला. फोटोत डावीकडचं मागचं चाक वरून आत झुकलेलं, तिरपं दिसत होतं. भाऊजींना घरी आणायच्या आत तो फोटो वस्तीच्या ग्रुपवर आला होता, आणि खाली लिहिलं होतं, 'घरच्या घरी मेकॅनिकगिरी केल्याचा परिणाम.' जोडलेले हात, रडणारे चेहरे त्याखाली लागलेले. डॉक्टरांचा कागद कोणी वाचला नाही. मी लोकांना सांगितलं, की हृदयविकाराचा झटका होता. तर लोक म्हणाले, हो, पण चाक सुटलं म्हणून घाबरले आणि झटका आला! याला काय उत्तर देणार? माझ्या धंद्यात असा साक्षीदार समोर आला तर मी त्याला सोलून काढतो. पण दारात चपला काढून आत येणाऱ्या, ताईसमोर मान खाली घालून बसणाऱ्या माणसाची उलटतपासणी करता येत नाही. तो बसतो, पाणी पितो, आणि जाताना फाटकापाशी गाडीकडे बोट दाखवून बायकोला म्हणतो, "हीच."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळस झाला. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं, आणि मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एकेक जण माइकवर येऊन आदरांजली वाहू लागला. ही रीत चांगली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार माणसं उभी राहून बोलतात, घरच्यांना न माहीत असलेल्या गोष्टी कळतात. पण माइक हातात आला की काही माणसांना उपदेश केल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. सुदामकाका उठले. भाऊजींच्याच ऑफिसातले, त्यांच्यापेक्षा मोठे, सगळ्या वस्तीत शब्दाला मान. ते बराच वेळ चांगलं बोलले. आणि मग म्हणाले, "वसंतानं सारं आयुष्य मोजूनमापून काढलं. पण शेवटी एका नटानं माणूस नेला. ज्याचं काम त्यानं करावं, येवढा धडा आपण सगळ्यायनं घ्यावा. जयभीम." लोकांनी माना हलवल्या. समोर पांढऱ्या साडीत बसलेली ताई उठली आणि आत निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "कोणी पाहिला नट? तुम्ही पाहिला का?" अनिकेतने माझा हात धरून मला खाली बसवलं. भंतेजींकडे पाहून मी गप्प राहिलो. भाऊजींना अशा प्रसंगी आवाज चढवलेला आवडला नसता, हेही तेव्हाच आठवलं आणि त्याचाही राग आला.

नंतरचे दिवस ताई जेवेना. दुःख म्हणावं तर ते दुःख वेगळं दिसत होतं. ती अंगणातून जायचं टाळायची, मागच्या दाराने बाहेर पडायची. अनिकेतने विचार केला, की ही गाडी डोळ्यांसमोरून हलवली तर आईला बरं वाटेल. त्याने भंगारवाल्याला बोलावलं. ट्रक दारात आला आणि ताई फाटकात आडवी उभी राहिली. "गाडी जाणार नाई." ट्रक परत गेला. अनिकेतने मला फोन केला, मी कोर्टातून तसाच काळ्या कोटात बेसाला गेलो. ताई स्वयंपाकघरात कूलरच्या समोर नुसती बसली होती. मी म्हटलं, "काय चाललं आहे ताई? ठेवायचीही नाही, द्यायचीही नाही?" तिने कूलरवरच्या रेघेवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "विनय, तो नट म्या कसला होता."

मला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. उजवीकडचं चाक भाऊजींनी केलं. डावीकडचं करायला घेतलं तेव्हा म्हणाले, शालू, आता हे तू कर. पान्याला लांब पाइप लावून तिने पूर्ण जोर टाकून नट आवळला. मग त्या नटाची पातळ कड छिन्नीने ठोकून दांडीच्या खाचेत बसवायची असते, म्हणजे नट फिरत नाही. तो ठोकाही तिनेच मारला. पहिला घाव वाकडा पडला, दुसरा बसला. भाऊजी म्हणाले, मस्त. ती हात धुवायला आत गेली, तोवर त्यांनी वरचं टोपण लावून टाकलं. "कमी कसला गेला असन रे माह्याच्यानं," ताई म्हणाली. "लोक बरोबरच बोलून राहिले. फक्त त्यायले माहीत नाई का कोणाच्या हातानं गेला तो माणूस."

माझी बहीण इतके दिवस हे पोटात घेऊन बसली होती! सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होती आणि त्यांच्या तोंडून स्वतःवरचा आरोप ऐकत होती. मी भडकलो, तिच्यावर नाही, सगळ्या वस्तीवर. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता उघडून पाहू." ती घाबरली. "अन् सैल निघाला तं?" गाड्यांतलं मला काहीही कळत नाही. मग ती स्वतःच म्हणाली, "रविवारी उघडू. पण कोणाले हात लावू देणार नाई मी. मीच उघडीन." मी बाहेर येऊन सुदामकाकांना फोन लावला. "काका, तुम्ही माइकवर बोलले. आता रविवारी या अन् डोळ्यानं पाहा." त्यांनी टाळाटाळ केली, मी सोडलं नाही. पुतण्याच्या वयाच्या माणसाने बोलू नये अशा शब्दांत बोललो, आणि त्याचं मला काहीही वाटत नाही.

रविवारी सकाळी सुदामकाका आले, खुर्ची टाकून सावलीत बसले. अनिकेतने मागून गाडी उचलून स्टँड लावले. ताईने तोच जुना शर्ट साडीवर चढवला. आधी तिने चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहिलं. नट सैल असता तर ते खटखटलं असतं. ते मुळीच हललं नाही, एकदाही नाही. अनिकेत वाकून म्हणाला, "आई, रिम एकाच जागी चेपली आहे. दुभाजकाला आपटलंय हे. आणि आतली पट्टी वाकली आहे, म्हणून चाक तिरपं दिसतं." ताईला नट पाहायचा होता. स्क्रूड्रायव्हर लावून तिने मधलं टोपण हळूहळू उचकटलं आणि शर्टाच्या बाहीने आतलं ग्रीस पुसलं.

नट होता. खाचेत ठोकलेली कड होती, शेजारी तिचा वाकडा पडलेला घावही होता. आणि त्या सगळ्यावरून, नटापासून दांडीपर्यंत, एक लालभडक सरळ रेघ ओढलेली होती. मधे कुठेही तुटलेली नाही. ताईने त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माही नेलपॉलिश हाये," ती म्हणाली. अनिकेतच्या साखरपुड्याला आणलेली बाटली ती घरभर शोधत होती. म्हणजे ती हात धुवायला गेली तेव्हा भाऊजींनी तिचं काम तपासलं होतं, त्यांच्या मनासारखं झालं होतं, आणि मगच त्यांनी रेघ ओढून टोपण लावलं होतं. ते आपल्या कामावरही नीट पाहिल्याशिवाय रेघ ओढत नसत. ताई जमिनीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. अनिकेतही रडत होता. सुदामकाका खुर्चीतून म्हणाले, "बरं झालं बाई. तुमचं मन हलकं झालं."

मन हलकं! मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "काका, प्रश्न हिच्या मनाचा नाही. तुम्ही चारचौघांत जे बोलले ते खोटं होतं. आता चारचौघांत खरं सांगा. तोच माइक, तीच माणसं." ते म्हणाले, "पाहू गा, पौर्णिमेले विहारात सांगतो. आता येवढं काय त्याचं? गेलेला माणूस वापस थोडी येऊन राहिला." मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. ताईने उठून गाडीच्या टपावर दोन्ही हात आपटले होते. तिचं रडणं थांबलं होतं आणि चेहरा असा झाला होता, की मी तिला तशी कधी पाहिलेली नाही. ती आमच्याशी बोलतच नव्हती.

"मले काहून मारायले लावला ठोका?" ती गाडीला विचारत होती. "आजवर एक स्क्रू कोणाले पिळू दिला नाई ह्या माणसानं. मले काहून सांगितलं, शालू तू कर? मले वाटलं, कौतुकानं शिकवून राहिले... त्यायचा हात उठत नव्हता!" अनिकेत म्हणाला, "मला फोनवर म्हणाले होते, चाकांचे जड ड्रम काढले म्हणून डावा खांदा भरलाय. मी म्हटलं, धंतोलीत दाखवून या. तर म्हणाले, येवढं हबचं होऊ दे." ताई म्हणाली, "मले तेवढंही नाई सांगितलं." मग खाली बसून तिने टोपण पुन्हा जागेवर बसवलं, हातोडीच्या दांड्याने ठोकलं आणि आत निघून गेली. सुदामकाका कधी उठून गेले ते मला कळलं नाही.

तेव्हापासून मी भाऊजींवर चिडलेलो आहे. लोकांवरचा राग निदान बोलून तरी दाखवता येतो. ह्या माणसावरचा कुठे नेऊ? गाडीच्या मागच्या चाकातला, मला कधीही ऐकू न आलेला आवाज त्यांना ऐकू येत होता. त्यासाठी कागद पसरला, कबाडीकडे खेपा घातल्या, लेथवाल्याच्या डोक्यावर बसले. खांद्यासाठी मात्र धंतोलीपर्यंत जाणं त्यांना जमलं नाही, आणि ज्या हॉस्पिटलात दाखवून यायचं होतं त्याच भागात त्यांना उचलून न्यावं लागलं. भाऊजी, तुम्ही कधी कोणावर चिडला नाहीत. मी तुमच्यासारखा नाही. मला तुमचा फार राग आला आहे.

पौर्णिमेला मी आणि ताई विहारात गेलो. वंदना झाली. सुदामकाका आले नव्हते, तब्येत बरी नाही असा निरोप होता. वस्तीतली माणसं होती, ग्रुपवर फोटो टाकणारा होता, सगळे ताईशी फार गोड बोलले. कोणीही चाकाचं विचारलं नाही. घरी येताना ताईने मला विचारलं, "तू त्या पुरवणीत लिहितो, ते आपल्याकडचे लोक वाचते का?" म्हटलं, वाचतात. "मंग लिही. चाक घट्ट होतं हे लिही, अन् ते म्या कसलं होतं हेही लिही. अन् त्यायचा खांदा दुखत होता अन् त्यायनं कोणाले सांगितलं नाई, हे आधी लिही. ज्याले धडा घ्यायचा असन तो ह्याचा घेईन."

लिहिलं आहे. गाडी अजून अंगणात आहे, मागून उचललेली, वाकलेली पट्टी नवी करून यायची वाट पाहत. डावीकडचा हबही आपटलेला म्हणून बदलायचा, असं ताईनेच ठरवलं, भाऊजींनी तेच केलं असतं म्हणाली. उजवीकडचं चाक मात्र त्यांच्या हातचं, शाबूत. ताई सकाळी झाडांना पाणी घालायला निघते आणि जाता जाता त्या चाकाला हाताने एक फिरकी देते. ते आवाज न करता फिरत राहतं, आणि ती पाइप हातात धरून ते थांबेपर्यंत उभी राहते. परवा मी फाटकातून ते पाहिलं. इतकं सुरेख फिरत होतं, की जाऊन लाथ मारावीशी वाटली.